मनगटाचं माप

"लेबलं लावायला आता वेगळी बाई लागणार नाही," सुमतीबाई म्हणाल्या, तेव्हा ऋचा मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत होती. समाजमंदिराची फरशी जिथे तिथे खचलेली, त्यामुळे मशीन डुगडुगत होतं. ऋचाने मान वर केली नाही. वर केली असती तर समोर गुणाबाई उभी होती.

सुमतीबाई या महिला मंडळाच्या अध्यक्ष. राहायला पनवेलला, पण गोवा रस्त्यावरच्या, कर्नाळ्याच्या अलीकडच्या या गावात खेटे घालून त्यांनी बायकांना कोकम सरबत करायला लावलं होतं आणि ते दादरच्या एका दुकानापर्यंत पोचवलंही होतं. बाई सचोटीच्या, कष्टाळू. फक्त आपल्या बोलण्याने कुणाचं काय मोडतं ते त्यांच्या कधी ध्यानात यायचं नाही. अशी माणसं वाईट नसतात, पण त्यांच्या शेजारी आपण आपली बोटं सांभाळून उभं राहावं.

"ऋचा म्हणते ना मशीन कुणालाही चालवता येतं, मग पाळ्या लावू. आज ही, उद्या ती. गुणाबाईचं पुढे बघू काहीतरी."

या 'बघू'चा अर्थ गुणाबाईला कळला आणि ऋचालाही कळला. मंडळाच्या बायका आपापल्या झाडांची कोकमं आणायच्या आणि नफ्यात वाटा घ्यायच्या. गुणाबाईचा नवरा गेल्यावर तिची झाडं दिराने आपल्याकडे घेतली. झाडं नाहीत म्हणून कोकमं नाहीत, कोकमं नाहीत म्हणून वाटा नाही. बाटल्यांना खळीने लेबलं चिकटवायची, रोजावर, एवढंच तिचं मंडळातलं काम. ते गेलं की दिराच्या दारात भाकरीला उभं राहायचं, आणि त्या दारातल्या भाकरीबरोबर काय काय गिळावं लागतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्यात ऋचाने तिला शब्द दिला होता. 'मशीन झालं की त्यावर तूच बसशील,' असं ती पनवेलच्या शेडमध्ये ग्रीसचे हात पुसता पुसता बोलून गेली होती. जिभेला काय हाड असतं? आणि आता सुमतीबाई पाळ्या लावत होत्या, तर हिची जीभ टाळ्याला चिकटलेली.

ऋचा मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, पॉलिटेक्निकच्या वर्गात एकटी मुलगी. तळोज्याच्या एका कारखान्यात दुसऱ्यांची ड्रॉइंगं काढून कंटाळली, नोकरी सोडली आणि वडिलांच्या, म्हणजे प्रभाकररावांच्या, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकठाक करत बसली. मुंबईत लेबलं लावायची यंत्रं मिळायची, पण ती कपाटाएवढी, विजेवर चालणारी, आणि बिघडली की माणूसही मुंबईहूनच बोलवायचा. लोणची-सरबतं करणाऱ्या बायकांनी ते घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. हिला असं मशीन करायचं होतं, की ज्याला वीज नको, पाना नको आणि शिकवायला मास्तरही नको. बाटली दोन रुळांवर आडवी ठेवायची, डाव्या हाताने दाबून धरायची, उजव्या हाताने हँडल फिरवायचं. एका फेऱ्यात खळ लागलेलं लेबल बाटलीला गुंडाळून बसायचं.

ते करून बघायला दर गुरुवारी गुणाबाई एसटीने पनवेलला यायची. तिच्या हाताला जिथे अवघड गेलं तिथे ऋचाने बदल केला. रूळ खाली घेतले, हँडल आखूड केलं. गुणाबाईचा पदर एकदा दातेरी चक्रात जाता जाता वाचला, म्हणून रुळांच्या वर पत्र्याची एक पट्टी बसवली. पट्टीखालून हात तेवढा आत जाईल, पदर जाणार नाही. त्या पट्टीवर ऋचाचा फार जीव होता.

आज घोडामैदान समोर आलं होतं. मागच्या खेपेला दादरच्या दुकानदाराने पेट्या परत पाठवल्या होत्या. सरबताला नाव ठेवायला जागा नव्हती, पण लेबलं वाकडी होती. 'तुमच्या बाटल्या माझ्या फळीवर झिंगल्यासारख्या दिसतात,' असं त्याने फोनवर सुमतीबाईंना ऐकवलं होतं. ही शेवटची संधी म्हणाला. चार वाजता टेम्पो यायचा होता, आणि भिंतीला पेट्यांची थप्पी उभी होती, सगळ्या बाटल्या कोऱ्या.

आधी गुणाबाईने करून दाखवलं. बाटली ठेवली, हात पट्टीखाली गेला, हँडल फिरलं, लेबल बसलं. दुसरी, तिसरी. बायका पुढे सरकल्या. गंगाबाई, त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, बाटली डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "बरा हाय. सरल हाय." गुणाबाई हसली नाही. तिचं लक्ष मागे होतं, पाळीसाठी पुढे कोण येतंय तिकडे.

"गोदू, तू बस," सुमतीबाई म्हणाल्या.

गोदू लग्न होऊन आलेली त्याला फार दिवस झाले नव्हते. पोर हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. तिचा नवरा हरेश करंजा बंदरातल्या एका मासेमारी ट्रॉलरवर खलाशी. मे संपत आलेला, वारा उलटा फिरलेला, बाकीच्या बोटी आल्या तरी याची आली नव्हती, म्हणून गेले काही दिवस तिची बडबड जरा कमी झाली होती इतकंच. ती पाटावर बसली, बाटली ठेवली आणि डावा हात पट्टीखाली घातला.

"हात जात नाय गो."

"जातो. जरा जोर लाव," ऋचा म्हणाली.

गोदूने जोर लावला आणि शिकवल्याप्रमाणे उजव्या हाताने हँडल फिरवलं. कचकन आवाज झाला. मशीनखालच्या खळीच्या तबकात हिरव्या काचा पडल्या आणि त्यांच्यावर रक्ताचे थेंब. गोदूने हात ओढून घेतला तेव्हा मनगटावर मोजक्याच बांगड्या शिल्लक होत्या.

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. त्या दिवशी कुणी तेही म्हटलं नाही. गोदू जखमेकडे बघतच नव्हती, तबकातल्या काचांकडे बघत होती. गंगाबाईने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून तिच्या मनगटाला बांधली आणि हलकेच म्हणाली, "हरेस दर्यावर हाय." एवढं पुरे होतं. बायका मशीनपासून मागे सरल्या आणि जिने तिने आपला डावा हात पदराखाली घेतला.

पदर अडकेल हे ऋचाला सुचलं होतं. बायकांच्या हातात मनगटभर बांगड्या असतात, हे मात्र बाई असून तिला सुचलं नव्हतं.

"गुनाला बसू दे," मागून कुणीतरी म्हणालं. "तिचा हात मोकला हाय."

ऋचाने गुणाबाईकडे पाहिलं. अशा बोलण्याने बाईचा चेहरा पडायला हवा होता. तो पडला नाही. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यावर सुटका झाल्याचा भाव येऊन गेला. ऋचाला आपली आई आठवली. एका गुरुवारी आई चहा घेऊन शेडमध्ये आली होती, 'बघू गं, मी फिरवून बघते' म्हणत तिने बांगड्यांचा हात पुढे केला होता, आणि गुणाबाईने लगबगीने तिला अडवलं होतं. 'ऱ्हाऊ द्या वयनी, हात बरबटतील.' तेव्हा ऋचाला वाटलं होतं, किती जपते ही माणसाला.

म्हणजे हिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

सुमतीबाईंचा आवाज चढला. "एकाच बाईला चालवता येणारं मशीन घेऊन मी काय करू? उद्या ती तापाने पडली तर? ऋचा, तू हे तपासलंस कुणाच्या हातावर? आणि त्या बाईला तरी कळू नये?"

खरं सांगितलं असतं तर गुणाबाईला त्याच पावली बाहेर काढलं असतं, आणि गावात पुन्हा कुणी उभं केलं नसतं. ऋचा म्हणाली, "चूक माझी आहे. वर्कशॉपमध्ये बांगड्या चालत नाहीत, म्हणून मी घालतच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"दिव्याखाली अंधार," सुमतीबाई म्हणाल्या. "दुसरं काय."

खोटं ऋचा बोललीच नव्हती, फक्त अर्धं बोलली होती. "मला तासभर द्या," ती म्हणाली आणि पिशवीतून करवत नि कानस काढली.

पट्टी सोडवून ती मागच्या पडवीत गेली. जिथून मनगट आत जातं तिथे खाच पाडायची, पत्र्याच्या कडा मागे मुरडायच्या, वर सायकलची ट्यूब कापून चढवायची. काम अवघड नव्हतं. दोन बोटांची जागा, बस. पण पत्रा पायाखाली धरून करवत चालवावी तर तो नाचायला लागला. तेवढ्यात दुसरा एक पाय आला आणि त्याने पत्रा घट्ट दाबून धरला. गुणाबाईचा.

करवत पुन्हा चालायला लागली.

"तुला माहीत होतं," ऋचा खाली बघूनच म्हणाली.

"व्हता."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दाचं काम होतं. तिथल्या तिथे कापली असती पट्टी."

"म्हनूनच नाय बोलले." गुणाबाईने पाय हलवला नाही. "तू बोललीस मशीनवर मीच बसेन. मी इश्वास ठेवला. पन तुजी मशीन तर कोनालाबी चालवाया येल अशी व्हत चालली व्हती. दर गुरवारी आनखी सोपी. मंग मना कोन बसवतो?"

ऋचाची करवत थांबली. तिला या बाईचा संतापही आला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती, आणि दोन्हीतलं कुठलं जास्त ते ठरवायला वेळ नव्हता. सोपं मशीन करते आहे म्हणून ती गुरुवारमागून गुरुवार खूश होत होती, आणि ते जितकं सोपं होत होतं तितकी समोरची बाई कमी लागत होती. हे गणित कुठल्याही डिप्लोमात शिकवत नाहीत. आणि आता ही खाच पडली की उरलंसुरलंही गेलंच.

"पाडू ना खाच?" तिने विचारलं. का विचारलं, ते तिलाच कळलं नाही.

गुणाबाईने पत्र्यावरचा पाय काढला नाही. ऋचाने पुन्हा करवत धरली.

पट्टी बसली तेव्हा ऊन पडवीतून उतरलं होतं. ऋचाने स्वतःचा हात घालून पाहिला, बोटांची मूठ करून पाहिला. रबराची कड मऊ होती. "झालं," ती म्हणाली. "बसा कुणीतरी."

कुणी जागचं हललं नाही. सुमतीबाईंनी एकेकीचं नाव घेतलं. एकीला लेकराला पाजायचं होतं, एकीची कंबर धरली होती, एकीने पेट्या मोजायला घेतल्या. गोदू भिंतीशी गुडघ्यात मान घालून बसली होती, तिला विचारायची सोयच नव्हती. सुमतीबाई स्वतः बसायला निघाल्या, पण त्यांच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या. त्यावरून काचेचं काय कळणार, असं गंगाबाई म्हणाली आणि ते बरोबरच होतं.

"मला द्या बांगड्या," ऋचा म्हणाली. "मी घालून दाखवते."

"तू केलेली मशीन," गंगाबाई म्हणाली. "तू सांभालूनच हात घालशील. आमी घाईत घालनार."

बाहेर रस्त्याला टेम्पो लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग बराच वेळ वाट बघून पुन्हा दिला. सुमतीबाई दारात जाऊन त्याला हातानेच थांब म्हणाल्या आणि आत वळल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, "गुणाबाई कुठे गेली?"

ती नव्हती. ऋचाला वाटलं, गेली. जाणारच. थांबून तरी काय बघायचं होतं तिने? दुसऱ्या बायकांना आपल्या पाटावर बसताना? तरी ऋचाच्या मनात आलं, निदान आज तरी जायला नको होतं.

मग मागच्या दाराने गुणाबाई आली. तिचं घर समाजमंदिराच्या मागेच. तिच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती, कागद पिवळा पडलेला. ती थेट मशीनजवळ आली, पाटावर बसली आणि पुडी मांडीवर सोडली. आत हिरव्या बांगड्या होत्या, कधी न घातलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या. नवरा असताना कुठल्याशा जत्रेत घेतलेल्या आणि तो गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी राहून गेलेल्या.

"ए गुना," गंगाबाई म्हणाली. "काय करतंस?"

गुणाबाईने खळीच्या बादलीशेजारच्या पाण्यात डावा हात बुडवला आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. समाजमंदिरात इतक्या बायका होत्या, पण काचेवर काच वाजल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. विधवा बाई भर दिवसा, सगळ्यांच्या समोर, हिरवा चुडा भरत होती. सुमतीबाई पनवेलच्या, शिकलेल्या, सभांमधून पुष्कळ बोललेल्या, पण त्यांनीही नजर दुसरीकडे वळवली.

"मना ठाव व्हता," गुणाबाई म्हणाली. ती गोदूकडे बघून बोलत होती. "बांगड्या अडकतात त्या मना पैल्यापासून ठाव व्हता. मी बी घातल्यात ना. ही पोरगी मना वाचवाया स्वताची चूक बोलली. तिची नाय. मी बोलले नाय ती चूक. मना वाटला, कोनाचा हात गेला नाय तर मशीन माज्याकडं रायेल. रगत येल, असा वाटला नव्हता."

"पोरीचा हात कापताना बघत बसलीस?" गंगाबाईने विचारलं. "तिचा नवरा दर्यावर हाय नि तू बघत बसलीस?"

"व्हय," गुणाबाई म्हणाली. "बसले."

ऋचाला वाटलं, आता या बायका हिला ओढून बाहेर काढतील. दोघीतिघी उठल्याही होत्या. गुणाबाईने तिकडे पाहिलं नाही. तिने शेवटची बांगडी मनगटावर सारली, बाटली रुळांवर ठेवली.

"तुमच्या हातातल्या फुटल्या तर तुमाला घोर हाय," ती म्हणाली. "माज्या फुटल्या तर काय जानार हाय? जायाचा व्हता तो कवाच गेला."

उठलेल्या बायका होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

गुणाबाईने हात घातला. सावकाश नव्हे, मुद्दाम घाईने, एखादी उशीर झालेली बाई घालेल तसा. ऋचाने डोळे मिटले. हँडल फिरलं, रूळ कुरकुरले, बांगड्या किणकिणल्या, आणि काही फुटलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा बाटली बाहेर आली होती. गुणाबाईने दुसरी ठेवली. मग हात तिरपा घालून तिसरी, मनगट वळवून चौथी. जितक्या तऱ्हेने हात चुकू शकतो तितक्या तऱ्हेने तिने तो चुकवून पाहिला. खळ कोपरापर्यंत उडाली, पण बांगड्या सगळ्या शाबूत.

मग ती पाटावरून उठली. "घ्या," ती म्हणाली. "आता कोनीबी बसा." आणि बाजूला होऊन ती मनगटावरच्या बांगड्या उतरवायला लागली. चढवताना पाण्याने चढल्या होत्या, उतरताना अडल्या. ती खाली मान घालून ओढत राहिली.

टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. सुमतीबाई म्हणाल्या, "चला गं, बसा कुणीतरी, पाळी..."

भिंतीशी बसलेली गोदू उठली. चिंधी बांधलेला हात छातीशी धरून ती मशीनपर्यंत आली. सगळ्यांना वाटलं, बसते. ती गुणाबाईच्या समोर उभी राहिली.

"माजा रगत आलाय त्या मी इसरनार नाय," ती म्हणाली. "हरेस घरी येईतो तर नायच नाय."

गुणाबाईने मान हलवली.

"पन हातातल्या काढू नको. पेट्या तशाच पडल्यात." गोदू सुमतीबाईंकडे वळली. "बाई, माजी पाली तिला द्या. आजची, नि येल त्या सगल्या. बाकीच्यांचा बाकीच्यांनी बोलावा."

गंगाबाई अजून रागाने धुमसत होती, तिने पदर तोंडाशी घेतला होता. ऋचा तिच्याकडे बघत राहिली. शेवटी म्हातारी कुणाकडेही न बघता म्हणाली, "माजीबी." बाकीच्यांपैकी नको असं कोणीच म्हणालं नाही.

गोदूने उजव्या हाताने कोरी बाटली उचलली आणि पुढे केली. गुणाबाई पुन्हा पाटावर बसली. तिने बाटली घेतली, रुळांवर ठेवली, हँडलला हात घातला. तिचे डोळे इतके भरून आले होते की समोरची बाटली तिला धड दिसतही नव्हती. लेबल सरळ बसलं.